घरांतील इंटरनेटचा वेग

इ. स. १९९८ मध्यें आमच्या कोडोलीशेजारील वारणानगरच्या परिसरांत सुमारें ७० गांवें संगणकांनीं जोडण्याची योजना सुरू झाली. उसाच्या नोंदी व बाजारभाव शेतकऱ्यास गांवींच कळावे, हा तिचा एक हेतु होता. आज इंटरनेट घरोघरीं आलें आहे. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं पडद्यावरील चक्र फिरतच राहिलें, तर विद्यार्थ्याचें नुकसान होतें आणि पालक जोडणी देणाऱ्यास बोल लावितात. दोष नेमका कोठें आहे, हें कसें ओळखावें, एवढेंच आम्ही येथें सांगणार आहों.

उसाच्या मळ्याचें उदाहरण घेऊं. पाटाला पाणी भरपूर असूनही कधीं कधीं शेवटच्या सरीस तें पोंचत नाहीं, वाटेंतच मुरतें. इंटरनेटचेंही तसेंच आहे. दारापर्यंत येणारा वेग निराळा व राउटरपासून खोल्यांत पसरणारा निराळा. म्हणून प्रथम संगणक तारेनें राउटरला जोडून वेग मोजावा. नंतर दूरच्या खोलींत वायफायवर मोजावा. तारेवरही तो कमी भरल्यास दोष बहुधा बाहेरचा. तारेवर पुरेसा व खोलींत कमी भरल्यास दोष घरांतला समजावा. वेग मेगाबिटांत सांगतात व फाइलीचें आकारमान मेगाबाइटांत, हेंही ध्यानांत असावें. ८ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हां १०० मेगाबिटांच्या जोडणींतून सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट येतात.

घरांतील दोषास उपाय सोपे आहेत. राउटर घराच्या मध्यभागीं, उंच व मोकळ्या जागीं ठेवावा. लोखंडी कपाट, पाण्याची टांकी व जाड भिंती लहरींस अडवितात. पुष्कळ राउटरांत दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर पोंचतो, पण त्यांत गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो. जवळ बसणाऱ्यानें दुसरा व दूर बसणाऱ्यानें पहिला निवडावा. पहिल्यांतील १, ६ व ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहींत. त्यांपैकीं शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल तो घ्यावा. डीएनएसची सेटिंग बदलल्यानें पान उघडण्यास आरंभ लवकर होईल. मूळ वेग वाढणार नाहीं. विजेबरोबर राउटरही बंद पडतो, यास्तव त्यास लहान बॅटरीची जोड द्यावी.

विद्यार्थ्यांनीं एका वेळीं एकच बदल करावा, प्रत्येक बदलानंतर तीनदां वेग मोजावा आणि आंकडे वहींत टिपावे. प्रयोगशाळेंत आपण शिकतों ती हीच रीत होय. अशी वही हातीं असली, म्हणजे घरांतला दोष घरींच दूर होतो, आणि तक्रार करण्याची वेळ आलीच तर तीही पुराव्यानिशीं करतां येते.