गाळ उपसताना स्वतःला जपा

प्रश्न : पूर ओसरल्यावर आमचे मंडळ घरांतला गाळ काढायला जाते. गेल्या खेपेला एका कार्यकर्त्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) झाला. काय काळजी घ्यावी?

उत्तर : लेप्टोचे जंतू उंदीर, गुरे यांच्या लघवीतून पाण्यात मिसळतात आणि जखमांतून, भेगांतून शरीरात शिरतात. गमबूट, हातमोजे हवेतच. उघडी जखम असलेल्याने चिखलात उतरू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. गरज वाटल्यास ते आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सिसायक्लिनची गोळी देतील. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले आहे ना, हेही तपासून घ्या. परतल्यावर ३० दिवस सावध राहा. ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे दिसल्यास अंगावर काढू नका. पुराच्या पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाहिलेले दुःख झोपू देत नसेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मन मोकळे करा. मदत करणारा धडधाकट असेल, तरच मदत टिकते.