उंच उडीच्या डोरोथी आजी (इयत्ता ६ वी ते ८ वीसाठी चरित्रपाठ)

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, खेळाडूंची चरित्रं शिकवताना आपण नेहमी सुवर्णपदक मिळवणाऱ्यांकडेच वळतो. आजचा पाठ दोनदा दुसऱ्या आलेल्या एका बाईंचा आहे. नाव डोरोथी टायलर, माहेरचं आडनाव ओडम. जन्म १९२० चा, लंडनचा. दुसऱ्या महायुद्धात त्या ब्रिटनच्या हवाई दलाच्या महिला विभागात होत्या. २०१४ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांची गोष्ट वर्गात सांगताना मी त्यांना 'डोरोथी आजी' म्हणतो, म्हणजे मुलांना त्या लगेच घरच्या वाटतात.

पाठ सुरू करण्याआधी एक काम करा. टेप घेऊन वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून १ मीटर ६० सेंटिमीटरवर खडूने एक रेघ मारा आणि दुसरी १ मीटर ६८ सेंटिमीटरवर. मुलांना शेजारी उभं करा. बहुतेकांचं डोकं खालच्या रेघेच्याही खालीच राहील. ही उंची ओलांडून पलीकडे जायचं, आणि तेही जाड गादीवर नाही तर वाळूच्या खड्ड्यात पडायचं! तेव्हा आजच्यासारखी पाठीवर उडी नव्हती. कैची उडी म्हणजे काय ते पीटीच्या सरांना मैदानावर दाखवायला सांगा, फळ्यावर ते नीट समजत नाही.

१९३६ ची बर्लिन ऑलिंपिक. डोरोथी १६ वर्षांची, म्हणजे आपल्याकडची दहावी-अकरावीतली पोर. उंच उडीत तिघी जणी १.६० मीटर पार करून गेल्या, पुढची उंची मात्र कुणालाच जमली नाही. डोरोथीने १.६० पहिल्याच प्रयत्नात पार केली होती. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे बरोबरी झाली की पुन्हा उड्या मारायच्या. त्या जादाच्या उडीत हंगेरीच्या इबोल्या चाक १.६२ ओलांडून गेल्या. डोरोथीला रौप्य मिळालं. ॲथलेटिक्समध्ये वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री.

इथे थोडं थांबा. त्याच वर्षी जर्मनीच्या ग्रेटेल बर्गमान यांनीसुद्धा १.६० मीटर उडी मारली होती. त्या ज्यू होत्या, म्हणून हिटलरच्या राजवटीने ऐन वेळी त्यांना संघातून काढलं. पदक कोणाला मिळालं हे सांगताना मैदानात कोणाला येऊच दिलं नाही हेही मुलांना सांगायला हवं, असं माझं मत आहे. इतिहासाच्या तासाला हाच धागा पुढे नेता येतो.

मग १९३९ मध्ये डोरोथीने १.६६ मीटरची उडी मारली. हा खरं तर जागतिक विक्रम, पण तेव्हा तो धरला गेला नाही, कारण त्याहून मोठी उडी जर्मनीच्या डोरा राट्येन यांच्या नावावर होती. राट्येन पुरुष असल्याचं पुढे निष्पन्न झालं आणि डोरोथीचा विक्रम १९५७ साली मान्य झाला, तब्बल १८ वर्षांनी! ही हकिकत बऱ्याच ठिकाणी 'नाझींनी मुद्दाम पुरुष उतरवला' अशी चटकदार करून लिहिलेली असते. तशी सांगू नका. राट्येन यांना जन्मापासून मुलगी समजूनच वाढवलं होतं. त्यात त्यांचा काय दोष? मुलं इथे हसतात. हसू द्या, मग शांतपणे समजवा.

आता पाठाचा गाभा. १९४० आणि १९४४ या दोन्ही ऑलिंपिक युद्धामुळे झाल्याच नाहीत. मुलांना वजाबाकी करायला लावा: तेव्हा डोरोथीचं वय किती असतं? २० आणि २४. खेळाडूच्या अंगात सगळ्यात जास्त ताकद असते ती हीच वर्षं. ही वर्षं तिने हवाई दलात काढली. शारीरिक शिक्षण दिलं, लॉरी चालवली. जर्मनीची धरणं फोडणाऱ्या प्रसिद्ध ६१७ व्या तुकडीकडेही तिने गाडी चालवली. १९४० मध्येच लग्न झालं होतं, युद्धानंतर दोन मुलगे झाले.

आणि १९४८ ला, २८ व्या वर्षी, दोन लहान मुलांची ही आई लंडन ऑलिंपिकमध्ये पुन्हा उभी राहिली. ब्रिटनमध्ये तेव्हा रेशनिंग चालू होतं. खेळाडूंना अंगमेहनतीच्या कामगारांइतकं जादा रेशन मिळायचं, तेवढंच. अंतिम फेरीत डोरोथी आणि अमेरिकेच्या ॲलिस कोचमन, दोघींनी १.६८ मीटर पार केली. पुन्हा बरोबरी! पण आता नियम बदलला होता. जिने कमी प्रयत्नांत उंची पार केली ती पहिली. कोचमन पहिल्या प्रयत्नात गेल्या होत्या, डोरोथी दुसऱ्या. पुन्हा रौप्य.

मुलांना इथे गणित घालतो. फळ्यावर दोन रकाने काढा, १९३६ आणि १९४८. मग नियमांची अदलाबदल करा. १९४८ चा नियम १९३६ ला असता तर सुवर्ण कोणाचं? डोरोथीचं. १९३६ चा नियम १९४८ ला असता तर? सांगता येत नाही, पुन्हा उड्या माराव्या लागल्या असत्या. आमच्या सातवीत यावरून चांगलीच भांडणं झाली. "सर, हा अन्याय आहे," असं काही मुलं म्हणाली. तेव्हा कोचमन यांची बाजूही सांगितली. अमेरिकेत वर्णभेदामुळे चांगल्या मैदानावर सराव करायला मिळत नसे, म्हणून त्या अनवाणी, मातीच्या रस्त्यांवर धावल्या आणि ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. मग वर्ग जरा गप्प झाला.

आपल्याकडचा दुवाही द्या. त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्ती खेळले होते. पुढे १९५२ च्या हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. डोरोथी तिथेही होत्या, आणि १९५६ ला मेलबर्नलाही. नंतर बरीच वर्षं त्यांनी मुलींना उडी शिकवली, म्हातारपणी गोल्फ खेळल्या.

घरी करायचा उपक्रम: आजीला किंवा शेजारच्या एखाद्या आजींना विचारा, "लहानपणी तुम्ही कोणता खेळ खेळायचात? तो कधी सुटला आणि का?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा, सुधारून नको. पालकांनी मध्ये बोलू नये ही विनंती, आजी लगेच "काही नाही गं" म्हणून विषय संपवतात. माझ्या वर्गात लगोरी, सागरगोटे आले, विहिरीतलं पोहणं आलं, आणि एका आजींची शाळेतली लांब उडीसुद्धा आली. ती लग्न ठरलं तेव्हा सुटली होती.