आकडे एक सांगतात, माणसं दुसरंच

पीएचडीच्या व्हायवाला हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर, मिक्स्ड मेथड वापरली आहे." म्हणजे नेमकं काय केलं, असं विचारलं की कळतं: ढीगभर प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि शेवटच्या प्रकरणात मुलाखतींतली चार चमकदार वाक्यं अवतरणात टाकली. ही मिश्र पद्धत नव्हे. माहिती प्रणालींवरच्या संशोधनाला मार्गदर्शन करताना जे पदरात पडलं, ते सांगतो.

१. प्रश्नावली वाटण्याआधी खुर्ची ओढून प्रणाली वापरणाऱ्याच्या शेजारी बसा. रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीवर आमचा एक विद्यार्थी असाच बसला होता. खिडकीवरचा कर्मचारी प्रत्येक रुग्णाचं नाव आधी जाड रजिस्टरमध्ये लिहायचा, अन् गर्दी ओसरली की दुपारी रजिस्टर मांडीवर घेऊन सगळी नावं कॉम्प्युटरवर चढवायचा. 'मी ही प्रणाली रोज वापरतो' या विधानापुढे तो 'पूर्णपणे सहमत' अशीच खूण करणार, आणि त्यात खोटं काहीच नाही. पण कामाचा खरा आधार रजिस्टर आहे, हे त्या खुणेतून कधीच कळलं नसतं. मग प्रश्नच बदलला: 'नोंद आधी कुठे करता?'

२. फॉर्म साहेबांच्या हातून गेला की उत्तरं साहेबांसाठीच येतात. वरपासून खालपर्यंत एका रेषेत 'सहमत', 'सहमत', 'सहमत'. गंमत अशी, की अशा कागदांवर क्रॉनबॅकचा अल्फा झकास येतो. ली क्रॉनबॅक यांनी 1951 मध्ये मांडलेलं हे माप उत्तरांतली आपसातली सुसंगती दाखवतं. माणूस मनापासून बोलला की नाही, ते नाही. अल्फा 0.9च्या वर गेला की विद्यार्थी पेढे वाटायच्या बेतात असतात, तेव्हा मी मूळ कागद मागवतो.

३. आकडे आणि मुलाखती जुळल्या नाहीत तर घाबरू नका, तिथेच थांबा. बॉनी कॅप्लान आणि डेनिस डचॉन यांचा 1988 साली 'एमआयएस क्वार्टर्ली'त आलेला लेख मी प्रत्येक तुकडीला वाचायला लावतो. अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नऊ प्रयोगशाळांमध्ये नवी संगणक प्रणाली आली होती. डचॉन यांनी कामाच्या स्वरूपाविषयीच्या नेहमीच्या मोजपट्ट्या लावल्या; तंत्रज्ञांमध्ये सांगण्यासारखा फरक निघेना. कॅप्लान मात्र प्रत्यक्ष निरीक्षण करून आणि लोकांशी बोलून आलेल्या. फरक आहे, यावर त्या अडून बसल्या. कुणीतरी एकाने नमतं घेऊन लेख उरकला असता तर कुणालाच कळलं नसतं. पण दोघे पुन्हा आकड्यांकडे वळले, प्रश्नांची जुळणी नव्याने केली, आणि कोडं सुटलं. काही तंत्रज्ञ स्वतःचं काम म्हणजे चाचणी करणं असं मानत; त्यांच्या लेखी कॉम्प्युटरने कामाचा बोजा वाढवला. काहींच्या मते काम म्हणजे डॉक्टरांपर्यंत निकाल पोचवणं. त्यांना तीच प्रणाली सोयीची वाटली. सुरुवातीला लावलेल्या मोजपट्टीत हा प्रश्नच नव्हता. मुलाखती नसत्या तर 'परिणाम नाही' असा निष्कर्ष छापून मोकळे झाले असते.

४. सर्व्हरवरचा लॉग हा तिसरा साक्षीदार. मोबाईलवरून करायच्या नोंदी रात्री उशिरा होत असतील तर लॉग वेळ दाखवेल, कारण नाही. दिवसा रेंज नव्हती की फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे होता, हे विचारायला जावंच लागतं.

५. वारणेचं उदाहरण आपल्या दाराशी आहे. 1998 मध्ये वारणा परिसरातल्या सुमारे 70 गावांत कॉम्प्युटर केंद्रं उभी राहिली. शेतकऱ्याला जगभरची माहिती मिळेल, असा गाजावाजा होता. पुढे संशोधकांनी जवळून पाहिलं तेव्हा वापर मुख्यतः उसाच्या आणि साखर कारखान्याच्या कामापुरता निघाला. केंद्रं मोजून हे कळलं नसतं. त्यावरूनच सात गावांत आठ महिने मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं. ते स्वस्तही पडलं आणि शेतकऱ्यांना जास्त पसंतही पडलं. स्वस्ताई हिशेबाच्या वहीतून कळते, पसंतीचं कारण बांधावर जाऊन विचारावं लागतं.

६. मिश्र पद्धत ही फॅशन म्हणून नको. वेंकटेश, ब्राऊन आणि बाला यांनी 2013 मध्ये याच 'एमआयएस क्वार्टर्ली'त दोन पद्धती एकत्र आणण्याचे सात हेतू मांडले. त्यांतला आपला कोणता, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर एकच पद्धत नीट वापरा. 'किती जण वापरतात' एवढाच प्रश्न असेल तर चांगलं सर्वेक्षण पुरेसं आहे.

७. वेळेचा हिशेब आधी करा. एका तासाची मुलाखत कागदावर उतरवायला अर्धा दिवस सहज जातो, आणि त्यात मागचा पंखा, चहावाला आणि मध्येच बोलणारे हेडक्लार्क धरलेले नाहीत. प्रबंधाचा सारांश सादर करायच्या महिन्यात मुलाखती घ्यायला निघणाऱ्यांना मी परत पाठवतो.

आता परीक्षक म्हणून बसणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती. 'सँपल साइझ किती?' हे जरूर विचारा. पण त्यापाठोपाठ 'तुमचे आकडे आणि मुलाखती कुठे जुळल्या नाहीत?' हेही विचारा, आणि 'सगळं जुळलं' असं उत्तर आलं तर भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा टेबलावर मागवा.