सभाकंप : विचार आणि वाणी यांमधील अंतर

दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविलेली वसाहत. पूर्वीचे विनय नगर हे नाव मागे पडून तिला सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. १९२५ च्या कानपूर काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या कवयित्रीचे वक्तृत्व सर्वश्रुत आहे. त्यांच्या नावाच्या वसाहतीत मात्र अनेक वर्षे राहिले ते बहुतांशी लेखणीवर जगणारे लोक : टिपणी लिहिणारे, मसुदे तपासणारे. मसुद्यातील एक शब्दही ढळू न देणारा असा मनुष्य सभेत उभा राहिला की त्याची वाचा बसते, हे दृश्य अपरिचित नाही. मराठीत यास सभाकंप असा नेमका शब्द आहे. बुद्धिमान माणसासही तो का ग्रासतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या संदर्भात सरोजिनीबाईंच्याच नेत्याचे उदाहरण उद्बोधक आहे. १८९६ साली गांधींनी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या स्थितीविषयी राजकोटला एक पुस्तिका लिहिली व तिच्या दहा हजार प्रती छापविल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या जाहीर सभेत, फिरोजशहा मेहता यांच्या सूचनेनुसार लिहून आणलेले भाषण ते वाचू लागले, तो अंगास कंप सुटला व आवाज खाली जाऊ लागला. मित्र केशवराव देशपांडे यांनी ते वाचावयास घेतले, पण श्रोत्यांनी दिनशा वाच्छांच्या नावाचा घोष केला. अखेर वाच्छांनी तेच भाषण वाचले आणि सभेने ते शांतपणे, टाळ्यांची साथ देत ऐकले. हे सर्व गांधींनी आत्मकथेत स्वतःच नोंदविले आहे.

हा प्रसंग नीट पारखावयास हवा. विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता, शब्द हाती होते आणि मजकुरात उणीव नव्हती. शिवाय १८९३ साली प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांपुढे ते बोललेही होते. तेव्हा विचारांचे वा शब्दांचे दारिद्र्य हे सभाकंपाचे कारण म्हणता येत नाही. कारण असे दिसते की, बुद्धिमान मनुष्याच्या ठायी एक कठोर परीक्षक सदैव जागा असतो. लेखनात हा परीक्षक उपकारक ठरतो. वाक्य लिहून झाल्यावर तो येतो, खोडतो, सुधारतो. भाषणात मात्र उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही आणि परीक्षक ऐन उच्चाराच्या क्षणी मध्ये येतो. वक्ता मग श्रोत्यांशी बोलण्याऐवजी स्वतःलाच ऐकू लागतो. अपरिचित, मोठा समुदाय पुढे असला की ही दुभंगलेली अवस्था अधिकच तीव्र होते.

आपल्या परंपरेने यावर उपाय शोधला होता. तुकारामांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे की, आरंभी कीर्तनाचा अभ्यास नव्हता; म्हणून संतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांचे ध्रुपद धरले. सभेत एकट्याने उभे राहण्यापूर्वी इतरांच्या स्वरात स्वर मिसळण्याची ही उमेदवारी होती. कीर्तनाच्या रचनेतही असे आधार आहेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचे निरूपण व उत्तररंगाचे आख्यान यांचा क्रम ठरलेला असतो. वारकरी कीर्तनात मागे टाळकरी उभे असतात. चित्त ताल, अभंग व साथ यांत गुंतले की परीक्षकास फारसा अवसर उरत नाही. आधुनिक व्याख्यानाने हे सारे आधार काढून घेतले आणि विद्वानास कागदासह एकटे उभे केले.

सभाधीटपणा म्हणजे विद्वत्ता नव्हे आणि सभाकंप म्हणजे अज्ञान नव्हे. हा विवेक सुटला तर व्यासपीठ केवळ धीट लोकांच्या हाती जाईल आणि भाषेचा सार्वजनिक व्यवहार तिच्या उत्तम विचारांना मुकेल. चर्चासत्रात अडखळणाऱ्या तरुण संशोधकास उपदेशापेक्षा आधी ध्रुपद धरण्याची संधी देणे, हे अध्यापकाचे कर्तव्य होय.