हिरवळीवरचा पेशा

पुण्यात येरवड्याला, विमानतळाच्या रस्त्याजवळ, एक फार मोठे हिरवेगार मैदान आहे. ते पूना क्लबचे गोल्फचे मैदान. 'मैदान' हा शब्द मला तुम्हांला शिकवावा लागत नाही. तो उर्दूत जसा आहे तसाच मराठीतही आहे. पण या मैदानाच्या आत तुमच्यापैकी किती जण गेले आहेत? एकदा वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा एकही हात वर झाला नाही. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तो तर श्रीमंतांचा खेळ आहे!"

त्याचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. गोल्फच्या काठ्या महाग असतात. मैदानावर खेळण्यासाठी पैसे भरावे लागतात. तरीही याच खेळावर आपले घर चालवणारी माणसे आपल्या देशात आहेत. अशा खेळाडूला मराठीत 'व्यावसायिक खेळाडू' म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'पेशावर खिलाडी' म्हणतो. (त्या नावाच्या शहराशी याचा काही संबंध नाही बरे का!)

आधी खेळ समजून घेऊ. गोल्फच्या मैदानावर अठरा छिद्रे असतात. छिद्राची रुंदी अकरा सेंटिमीटरपेक्षाही थोडी कमीच. चेंडू ४६ ग्रॅमपेक्षा हलका. काठीने चेंडू टोलवत टोलवत प्रत्येक छिद्रात घालायचा. ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकतो. क्रिकेटमध्ये धावा जास्त हव्यात, इथे आकडा कमी हवा, हे लक्षात ठेवा. प्रत्येक मैदानासाठी टोल्यांची एक ठरावीक संख्या असते. तिला 'पार' म्हणतात. ती बहुधा ७० ते ७२ असते. अठरा छिद्रांची एक फेरी पूर्ण करायला चार-पाच तास लागतात, आणि तेवढा वेळ खेळाडू ऊन असो, वारा असो, चालतच असतो. मोठी स्पर्धा अशी चार दिवस चालते.

आता पेशाकडे वळू. नोकरदाराला पहिल्या तारखेला पगार मिळतो. गोल्फपटूला पगार नसतो. आपल्या देशातील व्यावसायिक स्पर्धा २००६ पासून 'प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया' ही संस्था भरवत आली आहे. तिथे खेळण्याचा हक्क मिळवण्यासाठी एक परीक्षा द्यावी लागते. तिचे नाव 'क्वालिफाइंग स्कूल'. नाव शाळेचे असले तरी तिथे ना फळा असतो, ना गुरुजी. फक्त खेळायचे आणि वरच्या क्रमांकांत यायचे. हक्क मिळाला म्हणजे पैसा मिळाला असेही नाही. स्पर्धेत शंभराहून अधिक खेळाडू उतरतात. दोन दिवसांनंतर त्यांतले साधारण पन्नास पुढे जातात. बाकीचे घरी परततात आणि बक्षिसाच्या रकमेतला एक रुपयाही सहसा त्यांच्या हाती पडत नाही. प्रवासाचे, राहण्याचे पैसे मात्र खिशातून गेलेले असतात. एका आठवड्यात दोन चुकीचे टोले म्हणजे त्या महिन्याचा हिशेब बिघडला!

मग गरीब घरातला मुलगा या खेळात येतो कसा? त्याची एक वाट आहे. खेळाडूची काठ्यांची पिशवी उचलून त्याच्याबरोबर चालणाऱ्या माणसाला 'कॅडी' म्हणतात. कॅडी रोज उत्तम खेळ जवळून पाहतो. वारा कुठून येतो, गवताचा उतार कुठे आहे, हे त्याला पाठ होते. दिल्लीचे अली शेर हे असेच दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होते. १९९१ मध्ये त्यांनी इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ती स्पर्धा त्यांनी पुन्हा जिंकली. दुसऱ्याची पिशवी वाहणारे खांदे होते ते! मला स्वतःला या खेळातील सर्व विजयांत हा विजय मोठा वाटतो.

अली शेर पहिल्यांदा जिंकले त्याच वर्षी, १९९१ मध्ये, उदयन माने यांचा जन्म झाला. पुण्याचे गोल्फपटू म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांची वाट कॅडीची नव्हती. ते आधी हौशी खेळाडू म्हणून खेळले. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत ते भारताच्या संघात होते. २०१५ मध्ये ते व्यावसायिक झाले. पुढे देशातील अनेक स्पर्धा त्यांनी जिंकल्या.

२०२० चे टोकियो ऑलिंपिक महामारीमुळे २०२१ मध्ये झाले. तिथे गोल्फसाठी पुरुषांच्या फक्त ६० जागा होत्या. यादी लागली, त्यात माने यांचे नाव नव्हते. ते राखीव यादीत होते. राखीव म्हणजे कोणी जागा सोडली तरच बोलावणे येणार. अशा वेळी मनुष्य सराव सोडून देईल, नाही का? कोणासाठी करायचा तो सराव? पण स्पर्धेला जेमतेम तीन आठवडे उरले असताना अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो यांनी माघार घेतली आणि ती जागा माने यांना मिळाली.

टोकियोजवळच्या कासुमिगासेकी क्लबच्या मैदानाचे पार ७१ होते. पहिल्या दिवशी माने यांना ७६ टोले लागले, म्हणजे पारपेक्षा पाच जास्त. एवढ्या प्रतीक्षेनंतर मिळालेली संधी, आणि असा आरंभ! त्या रात्री त्यांना काय वाटले असेल, याचा विचार तुम्हीच करा. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर त्यांनी ६९ टोल्यांत फेरी पूर्ण केली. पारपेक्षा दोन कमी. ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांनंतर कोणाला घरी पाठवत नाहीत, त्यामुळे ते चारही दिवस खेळले. शेवटी त्यांचा क्रमांक ५६वा आला. सुवर्णपदक अमेरिकेच्या झँडर शॉफेले यांना मिळाले. त्याच ऑलिंपिकमध्ये बंगळुरूच्या अदिती अशोक महिलांमध्ये चौथ्या आल्या. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

साठांत छप्पन्नावा क्रमांक, हे ऐकून माझ्या वर्गातले काही विद्यार्थी हसले होते. मी त्यांना फळ्यावर फक्त दोन आकडे लिहून दाखवले : ७६ आणि ६९.

स्वाध्याय

१. व्यावसायिक गोल्फपटूची मिळकत अनिश्चित का असते?
२. 'राखीव', 'माघार', 'हौशी' या शब्दांना उर्दूत काय म्हणाल? प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.
३. माने यांच्या पहिल्या व दुसऱ्या दिवसाच्या खेळात किती टोल्यांचा फरक पडला?
४. तुम्ही राखीव खेळाडू असता तर ते तीन आठवडे कसे घालवले असते? आठ-दहा ओळी लिहा.