पाचशे वीसचे पाचशे बारा : भाव किती, घट किती

बन्नूरला ताईकडे पोचलो तेव्हा बाहेरच्या खोलीत लग्नाच्या अल्बमांच्या ढिगाशेजारी भाचा मांडी घालून बसला होता. समोर बबल-रॅपमधून काढलेल्या आठ हार्ड डिस्क. "मामा, आठच्या आठ शून्य दाखवतायत. फसवलं बहुतेक."

दाजींचं इथे गलाईचं दुकान आहे. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं जुनं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात दक्षिणेत गावोगाव पसरली, त्यांतलेच ते एक. मुलगा मात्र कॅमेऱ्याकडे वळला. सोमनाथपूरचं केशव मंदिर जवळच, कावेरीचा काठही हाताशी, त्यामुळे लग्नाआधीचे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ यांचं काम त्याला बरं मिळतं. एकेका लग्नाचं कच्चं चित्रण पाचशे जीबीच्या पुढे जातं. ते ठेवायला नव्या डिस्क परवडेनात, म्हणून त्याने बंगळूरच्या एस. पी. रोडवरून चार-चार टीबीच्या जुन्या सर्व्हर डिस्क आणल्या. दाजींनी चष्म्यावरून एकवार तो माल पाहिला आणि मला विचारलं, "पाव्हणं, घट किती धरलीय ह्यानं?"

घट म्हणजे गाळताना जाणारं वजन. घट न धरता जुन्या मालाचा भाव करणारा गलाईवाला महिन्याभरात दुकान बंद करतो. भाच्याने घट धरलीच नव्हती, कारण आठही डिस्क चालणार हे त्याने गृहीत धरलं होतं. या लेखातला सगळा हिशेब त्या एका प्रश्नाभोवती फिरतो.

आधी शून्याचं कोडं. आपल्या घरच्या डिस्कवर माहिती ५१२ बाइटच्या कप्प्यांत बसते. त्या कप्प्याला सेक्टर म्हणतात. नेटॲप, ईएमसी यांसारख्या कंपन्यांच्या मोठ्या साठवण यंत्रांतल्या डिस्क मात्र बहुधा ५२० बाइटच्या सेक्टरवर बांधलेल्या असतात. त्यात ५१२ बाइट माहिती आणि ८ बाइट तिची पडताळणी करणारी खूण असते. आयबीएमच्या काही यंत्रांत ५२८ चे सेक्टर असतात. मोठ्या सेक्टरच्या डिस्कवर हेच आकडे ४१६० आणि ४२२४ होतात, म्हणजे ५२० आणि ५२८ ची आठपट. लिनक्सला ५१२, १०२४, २०४८ आणि ४०९६ एवढेच आकार समजतात. ५२० दिसला की ते 'हा आकार चालत नाही' अशी नोंद करतं आणि क्षमता शून्य दाखवून मोकळं होतं. म्हणजे फसवणूक झालेली नव्हती. डिस्क जिवंत होत्या, फक्त सेक्टरचा आकार वेगळा होता.

आकार बदलणं हे काम डिस्क स्वतःच करते. आपण तिला आज्ञा द्यायची की सेक्टर ५१२ चा कर आणि स्वतःला पुन्हा फॉरमॅट कर. ही आज्ञा देणारा 'एसजी_फॉरमॅट' हा प्रोग्राम डग्लस गिल्बर्ट यांच्या 'एसजी३-यूटिल्स' या संचात फुकट मिळतो, आणि लिनक्सही फुकटच. तेव्हा या कामाच्या सॉफ्टवेअरचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. मजुरी मागितली तर तो वेगळा विषय, त्यावर पुढे येतो.

खरा खर्च आजूबाजूला आहे. या डिस्क सॅस जातीच्या असतात आणि घरच्या कॉम्प्युटरच्या साटा केबलमध्ये त्या बसतच नाहीत. साटाच्या डिस्कला मध्ये खाच असते, सॅसला ती जागा भरलेली असते. जोर लावून पाहू नका. यूएसबीच्या साध्या डॉकमध्येही त्या चालत नाहीत. कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसणारं सॅस कार्ड लागतं, आणि तेही 'रेड', म्हणजे अनेक डिस्क मिळून एक करणारं कार्ड नको. रेड कार्ड बहुतेक वेळा ५२० ची डिस्क लपवूनच ठेवतं. दुकानात 'आयटी मोड'चं, म्हणजे डिस्क जशीच्या तशी दाखवणारं कार्ड मागा. एलएसआयचं ९२११-८आय किंवा ९२०७-८आय जुन्या बाजारात सहज दिसतं. भाच्याला असं कार्ड २,५०० रुपयांना पडलं. एका कार्डावर आठ डिस्क चालतात. त्यासाठी एका टोकाला चार फाटे असलेल्या दोन केबल लागतात, त्या ८०० रुपयांना एक. भाव आठवड्याला हलतात, पण अंदाज यायला हे आकडे पुरे. मात्र हा ४,१०० रुपयांचा खर्च फॉरमॅटच्या खात्यावर टाकू नका. आकार बदलल्यावरही ती डिस्क सॅसच राहते, तिला रोज चालवायला हेच कार्ड लागणार. 'एकदा फॉरमॅट झाली की साध्या पीसीत लावू' असं समजून घेणाऱ्यांचा इथेच पचका होतो.

आता डिस्कचा भाव. विक्रेत्याने भाच्याला दोन भाव सांगितले होते. आहे तशी, ५२० ची, २,४०० रुपये. ५१२ करून, महिनाभराच्या बदलीच्या बोलीवर, ३,००० रुपये. भाच्याने वरचे ६०० वाचवले. आठ डिस्कचे ४,८०० वाचले म्हणून तो खूश होता.

रात्री जेवण झाल्यावर आम्ही कामाला बसलो. पहिलं काम, त्या कॉम्प्युटरमधल्या बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढल्या. प्रोग्रामला डिस्कचं नाव द्यावं लागतं आणि नावातलं एक अक्षर चुकलं की कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ कायमचा पुसला जातो. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालू केलं. मग 'स्मार्टसीटीएल' या प्रोग्रामने प्रत्येक डिस्कची कुंडली काढली. चालू राहिल्याचे तास बहुतेकांचे ४५ हजारांच्या आसपास होते, म्हणजे पाच वर्षं अखंड. ते चालतं, सर्व्हरची डिस्क त्यासाठीच असते. डोळे ठेवायचे ते वाढत गेलेल्या खराब जागांच्या आकड्यावर. सातांचा शून्य ते तीन होता, एकीचा १४६. आठही आकडे वहीत लिहून ठेवले. हे आकडे फॉरमॅटनंतर पुन्हा पाहायचे असतात.

मग आठ खिडक्या उघडून आठ डिस्कना आज्ञा दिली. पडद्यावर दर मिनिटाला झालेल्या कामाचे टक्के येत राहतात, ०.१८, ०.३७... चार टीबीच्या डिस्कला पूर्ण पृष्ठभाग लिहायला आठ-नऊ तास लागतात. काही डिस्क लिहिल्यावर वाचूनही पाहतात, तेव्हा वेळ दुप्पट होतो. ६०० जीबीच्या वेगवान डिस्कचं काम दीड-दोन तासांत उरकतं. समाधान एवढंच की प्रत्येक डिस्क आपलं काम आपण करते, त्यामुळे एक असो की आठ, वेळ तोच. विजेचा खर्च नगण्य. आठ डिस्क आणि जुना पीसी मिळून साधारण १४० वॉट, दहा तासांचे दीड युनिटही होत नाहीत. सहा रुपयांनी धरले तर नऊ रुपये.

वीज गेली तर? ती गेलीच, पहाटे तीनला. घरात इन्व्हर्टर होता, १५० एएचची बॅटरी, हा भार सहा-सात तास सहज ओढणारी. पण इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'इको'. पंखे-दिव्यांना इको चालतं, कॉम्प्युटरला नाही. त्यात बदल व्हायला लागणारा क्षणभराचा उशीर पीसीला सोसत नाही. आमचं बटण इकोवर होतं. सगळं बंद पडून पुन्हा चालू झालं. आठही डिस्क आता 'फॉरमॅट बिघडला आहे' असं सांगत होत्या, एकही अक्षर वाचू देत नव्हत्या. भाचा रडकुंडीला आला. घाबरायचं नसतं. अर्धवट फॉरमॅट झालेली डिस्क मेलेली नसते, तिला पहिल्यापासून तीच आज्ञा द्यायची. बटण फिरवलं, पुन्हा शून्य टक्क्यांपासून. गेले ते पाच तास आणि मामाची झोप.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. १४६ वाली ३१ टक्क्यांवर लटकली ती पुढे सरकलीच नाही. आणखी एक पूर्ण झाली, पण तिचा खराब जागांचा आकडा २ वरून ८८ वर गेला होता. अशी डिस्क आज चालते, पण तिच्यावर कोणाचं लग्न ठेवू नये. सहा उरल्या.

दाजींनी पाटीवर मांडावा तसा हिशेब कागदावर मांडला. आठांचे १९,२०० दिले, सहा चांगल्या, म्हणजे एक पडली ३,२०० ला. फॉरमॅट केलेली, बदलून मिळणारी ३,००० ला होती. वाचवलेले ६०० घटीत गेले, वर दोनशे आणखी. आठांत एकच खराब निघती तर डिस्क २,७४३ ला पडून अडीचशे वाचले असते. बरोबरी साधते ती पाचांत एक खराब निघाली तर.

यावरून माझं मत असं झालं आहे. दहा-बारा डिस्कपर्यंतचा ग्राहक असाल तर फॉरमॅट केलेला मालच घ्या, पाच-सहाशे जास्त द्या, पण बदलीची बोली बिलावर अनुक्रमांकासह लिहून घ्या. ते पाचशे आकार बदलल्याचे नसतात. पूर्ण फॉरमॅट म्हणजे डिस्कच्या इंचन् इंचावर लिहून पाहणं, सोन्याला कसोटीवर घासावं तसं. जी त्यातून पार झाली तिची एक परीक्षा झाली. म्हणून विक्रेत्याकडे फॉरमॅटच्या आधीची आणि नंतरची, अशा दोन्ही कुंडल्या मागा. एकच देत असेल तर भाव पाडा. पन्नास-शंभर डिस्क घेणाऱ्याची घट मोठ्या ढिगात वाटली जाते, त्याने कच्चा माल घ्यावा आणि स्वतः गाळावा.

तासांच्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत सीगेटच्या एक्झॉस मालिकेतल्या वापरलेल्या डिस्क, तासांचा आकडा पुसून नव्या म्हणून विकल्याचं प्रकरण बाहेर आलं. त्यांतल्या बऱ्याच चिया नावाच्या आभासी चलनाच्या खाणकामात राबलेल्या असाव्यात असा संशय होता. पकडल्या गेल्या त्या 'फार्म' नावाच्या दुसऱ्या नोंदवहीमुळे. ती सीगेटच्या डिस्कमध्ये असते आणि स्मार्टसीटीएलच्या नव्या आवृत्तीला वाचता येते. दोन्ही आकडे जुळवून पाहा.

काही माल कितीही स्वस्त मिळाला तरी नको. फायबर चॅनलच्या डिस्क, कारण त्या या कार्डावर चालत नाहीत. कुलूपबंद, म्हणजे स्वतः सांकेतिक करणाऱ्या डिस्क, जर लेबलवरचा ३२ अक्षरांचा पीएसआयडी, म्हणजे कुलूप काढायचा क्रमांक, खरवडलेला असेल तर. आणि छोट्या डिस्क. ६०० जीबीच्या बारा डिस्क फुकट मिळाल्या तरी एकेक आठ वॉट खाते, वर्षाला आठशेच्या वर युनिट, म्हणजे पाच हजार रुपये, आणि पदरात सात टीबी. आठ टीबीची एकच डिस्क तेवढं काम वर्षाला चार-पाचशेच्या विजेत करते. भाच्याच्या सहा डिस्कचं वर्षाचं बिल तीन हजारांच्या पुढे जाईल, म्हणून मी त्याला त्या चोवीस तास चालू न ठेवता काम असेल तेव्हाच लावायला सांगितलं.

नव्या डिस्कवाल्यांसाठी दोन ओळी. अलीकडच्या बऱ्याच सर्व्हर डिस्क ५१२ आणि ४०९६ या दोन्ही रूपांत चालतात आणि कंपनीच्या फुकट प्रोग्रामने काही सेकंदांत रूप बदलतात. माहिती जातेच. ज्या डिस्कला ही सोय नाही तिच्यावर, किंवा यूएसबीवरून, हा प्रयोग केला तर ती कायमची बसू शकते. आणि ४०९६ केल्याने डिस्क धावायला लागते ही समजूत सोडा. फरक मोजावा लागेल इतका बारीक असतो.

तक्रारीची वेळ आली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बंगळूरची खरेदी असली तरी बन्नूरकराला मैसूर पुरतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिल मात्र हवं. भाच्याकडे होती चिठ्ठी, त्यावर 'डिस्क ८ नग'.

तरीही ताई म्हणाली, विचारायला काय जातं. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट, त्यामुळे बंगळूरच्या फेरीत तिकीट फक्त भाच्याचं. दोघं दोन डिस्क पिशवीत घालून गेली. दुकानदाराने एक बदलून दिली, दुसरीला हात लावला नाही. म्हणजे चांगल्या सात झाल्या. दाजींनी कागदावरचा ३,२०० खोडून २,७४३ लिहिला आणि खाली बसचं तिकीट मांडलं.

उरलेली ३१ टक्क्यांवाली त्यांनी हातात घेतली, भिंग लावलं आणि जोडणीच्या पिवळ्या पट्ट्या निरखल्या.

"सोनं हाय का हो हे?"

"आहे, नावापुरता मुलामा."

"मग भट्टी लावत न्हाई," म्हणून त्यांनी ती भाच्याच्या ई-कचऱ्याच्या खोक्यात ठेवली.