शेपटीतला अलार्म

माझा मावसभाऊ ॲरिझोनात एमएस करतोय. दर रविवारी डोंगरात भटकतो. एकदा फोनवर सहज बोलून गेला, "पायवाटेवर रॅटलस्नेक दिसला." झालं! मावशीची झोप उडाली. "तू इंजिनिअरिंगला ना, बघ जरा काय प्रकार आहे," म्हणून काम माझ्यावर आलं. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या!)

मित्रांनो, या सापाच्या शेपटीला आपल्या नखांसारख्या केराटिनच्या पोकळ कड्या असतात. कात टाकली की एक नवी कडी. शेपटी हलली की कड्या एकमेकींवर आपटून आवाज होतो. २०२१च्या एका संशोधनात गंमतच कळली. आपण जवळ जाऊ लागलो की कंपनं हळूहळू ४० हर्ट्झपर्यंत चढतात आणि मग एकदम ६० ते १००वर उडी! ऐकणाऱ्याला वाटतं, साप आहे त्याहून जवळ आला. आमच्या सिग्नल्सच्या सरांना सांगायलाच हवं.

पण अलार्म वाजेलच याची गॅरंटी नाही. बऱ्याचदा तो मातीच्या रंगात गप्प पडून राहतो. म्हणून न दिसणाऱ्या जागी हात-पाय घालायचे नाहीत. आवाज आला तर थांबायचं, साप कुठे आहे ते बघायचं, मग मागे सरकायचं. मारायला तर जायचंच नाही. तोडलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. चावलाच तर चिरा देणं, विष चोखणं, आवळून बांधणं काही नको, सरळ हॉस्पिटल.

अमेरिकेत वर्षाला ७ ते ८ हजार जणांना विषारी साप चावतात, दगावतात साधारण ५. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "त्या पाचांनाही आई असेलच ना?"

भावाने आता घोट्याच्या वर येणारे बूट घेतलेत.